रानाची वही : वसंतातल्या नोंदी कशा ठेवाव्यात



या वेळच्या अभ्यासपानाची सुरुवात एका दुरुस्तीने करावी लागत आहे. तीन वर्षांपूर्वी याच त्रैमासिकात मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते की आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाला रानपिंगळा दिसला. जगात फार थोडे उरलेले हे घुबड आमच्या मुलाने पाहिले याचा तुम्हां सर्वांना आनंद झाला. कित्येकांची पत्रे आली, आणि एका मंडळीच्या शब्बाथ शाळेतल्या मुलांनी खाऊचे पैसे जमवून आम्हांला एक दुर्बीण पाठवली. तो रानपिंगळा नव्हता. साधा पिंगळा होता. चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. ती कशी झाली ते पुढे सांगतो, कारण नोंद कशी ठेवावी आणि कशी ठेवू नये हे मला त्या चुकीनेच शिकवले.

आमचे वसतिगृह सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या बाजूला आहे. मुले पावरा आणि भिल्ल समाजांतली. फाल्गुनात भोंगऱ्या बाजार भरू लागले की ती होळीसाठी आपापल्या पाड्यांवर जातात. कोणाचा पाडा नर्मदेच्या काठाला, सरदार सरोवराच्या पाण्यालगत, तर कोणाचा वर तोरणमाळच्या बाजूला. पाण्याची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि तोरणमाळचे पठार सुमारे ११५० मीटर. म्हणजे एकाच वर्गातल्या मुलांच्या घरांमध्ये हजार मीटरपर्यंत चढउतार असतो. मुले सुट्टीला निघाली की प्रत्येकाच्या पिशवीत आम्ही एक चाळीस पानी वही आणि शिसपेन्सिल घालतो. शाई नाही, शिसपेन्सिलच, कारण वही ओली होते आणि शाई पसरते.

वसंत म्हटले की पाठ्यपुस्तकात हिरवळ असते. इथे उलटे आहे. आमचे रान पानगळीचे. फाल्गुनात साग पाने टाकून उभा असतो, सालईची साल कागदासारखी सुटलेली असते आणि डोंगर उघडे पडलेले असतात. पाहुणे येतात आणि म्हणतात, अरेरे, सगळे वाळून गेले. पण याच उघड्या डोंगरावर पळस, काटेसावर, पांगारा ही झाडे एक पान नसताना नुसत्या फुलांनी भरतात. पाने नसल्यामुळे लाल-केशरी फूल पक्ष्याला लांबून दिसते. एरवी सगळीकडे कोरडे पडलेले असताना त्या फुलात गोड रस असतो. त्यामुळे ज्याला पक्षी ओळखायला शिकायचे आहे त्याने पावसाळ्यात रानात हिंडण्यापेक्षा मार्चमध्ये एका फुललेल्या पळसाखाली तासभर गप्प बसावे. गप्प बसणे हे मुलांपेक्षा मोठ्यांना जड जाते, हाही माझा अनुभव आहे.

आता नोंद. पहिल्या वर्षी मुलांच्या वह्या आल्या तेव्हा बहुतेकांत एकच वाक्य होते : आज पक्षी पाहिला. मी रागावलो नाही, कारण मी त्यांना काय लिहायचे ते सांगितलेच नव्हते. दुसऱ्या वर्षी आम्ही फळ्यावर मिळून एक नोंद लिहिली. तीच अजून नमुना म्हणून चालते :

११ मार्च. सकाळी ७ वाजून २० मिनिटे. शाळेमागचा खाकरा. फुले पुष्कळ, पाने नाहीत. काळे डोके, काळे पंख, अंग गुलाबी, मैनेएवढे पक्षी. साठ-सत्तर असतील. फुलात चोच घालत होते आणि भांडत होते. नाव माहीत नाही.

खाकरा म्हणजे पळस. मुलांना पळस हे नाव पुस्तकातून कळते, खाकरा घरातून. वहीत घरचे नाव आधी लिहायचे, पुस्तकातले मागाहून कंसात. पुस्तकी नाव कधीही शोधता येते. आजीने सांगितलेले नाव आजीबरोबर गेले की कुठे शोधणार? एकाच झाडाला दोन पाड्यांवर दोन नावे निघाली तर दोन्ही लिहायची, कोणते बरोबर म्हणून वाद घालायचा नाही.

या नोंदीतले मला सर्वांत आवडलेले शब्द शेवटचे आहेत : नाव माहीत नाही. रंग, आकार, वेळ, जागा, संख्या आणि तो काय करत होता एवढे लिहिलेले असेल तर नाव दुसरा कोणीतरी सांगू शकतो. हे पक्षी भोरड्या होते, त्यांना पळसमैनाही म्हणतात. त्या मध्य आशियात अंडी घालतात, हिवाळा आपल्याकडे काढतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक परत जातात. मुलीने नुसते ‘मैना’ असे लिहून टाकले असते तर ती गोष्ट तिथेच संपली असती.

झाडांची नोंद पक्ष्यांहून सोपी आणि माझ्या मते अधिक उपयोगाची. झाड उडून जात नाही. प्रत्येक मुलाने आपल्या घराजवळचे एक झाड निवडायचे, त्याला ओळखीसाठी चिंधी बांधायची आणि आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वारी, त्याच्याकडे पाहून तीन गोष्टी लिहायच्या : पाने, फुले, फळे. प्रत्येकापुढे ‘नाहीत’, ‘थोडी’ किंवा ‘पुष्कळ’. देशभर शाळाशाळांतून झाडांच्या ऋतूंची नोंद ठेवणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रमही साधारण याच पद्धतीने चालतो. एका आठवड्याची नोंद पाहून काही कळत नाही. पण दोन-तीन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या की मग दिसू लागते की नर्मदेकाठच्या पाड्यांवर मोह आधी गळू लागतो आणि वरच्या पाड्यांवर मागाहून. पाड्यावरच्या बायका म्हणतील, यात काय नवल? त्यांना ते माहीतच असते. पण यंदा मोह नेहमीपेक्षा उशिरा आला, असे कोणी म्हणाले तर आता आमच्याकडे ताडून पाहायला कागद आहे.

मोहाविषयी थोडे जास्त लिहितो. मोह म्हटले की आपल्या मंडळ्यांतल्या पुष्कळांना फक्त दारू आठवते. दारूने काय होते ते मी इथे रोज पाहतो, त्यावर पांघरूण घालायचे नाही. पण मोह म्हणजे तेवढेच नव्हे. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत त्याची जाड, रसाळ, पिवळट पांढरी फुले टपटप गळतात. घरातल्या बायका आणि मुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. वेचलेली फुले अंगणात वाळवतात, वाळली की ती तांबूस तपकिरी होतात. ती भाजून खातात, शिजवून खातात, भाकरीच्या पिठात घालतात. धान्य संपलेल्या वर्षांत याच फुलांवर घरे जगलेली आहेत. पुढे बियांचे तेल निघते. आणि पावसाआधी, हातात दुसरे काही नसताना, बियाण्याला आणि मुलांच्या वह्यापुस्तकांना पैसा येतो तो यातूनच. रात्री वटवाघळे फुलांवर येतात, पहाटे अस्वलही येते. म्हणून आमचा एक कडक नियम आहे : नोंदीसाठी म्हणून कोणत्याही मुलाने अंधारात एकट्याने मोहाखाली जायचे नाही. घरची माणसे असतील तरच.

सातवीतल्या एका मुलीने आपल्या पाड्यावरचा असाच एक मोह निवडला होता. तिच्या वहीतल्या दोन नोंदी :

१९ मार्च. मोहापासून वीस पावलांवर वाळल्या पाल्यात दोन अंडी. घरटे नाही. पक्षी पाल्याच्याच रंगाचा, डोळे मिटून बसला होता. अगदी जवळ गेल्यावर उडाला.

२६ मार्च. जागा काळी. अंडी नाहीत.

हा पक्षी रातवा. संध्याकाळी अंधार पडताना दगडावर दगड आपटल्यासारखा चक् चक् चक् आवाज येतो, तो त्याचा. तो घरटे बांधत नाही, जमिनीवरच अंडी घालतो आणि आपल्या रंगावर विसंबून निश्चल बसून राहतो. माणसाच्या आणि कोल्ह्याच्या नजरेपासून तो रंग वाचवतो. आगीपासून वाचवत नाही.

मी तिला विचारले, आग कोणी लावली? ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात मी तिच्या घरी गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी स्वतःच सांगितले. मोहाखालचा पाला जाळावाच लागतो, नाहीतर फूल दिसत नाही. ते म्हणाले, “सर, पाल्यात इंचू असतो, साप असतो. बाईमाणसानं अंधारात हात कुठं घालायचा?” मला उत्तर सुचले नाही. रातव्याची दोन अंडी एका बाजूला आणि विंचू चावलेली आई दुसऱ्या बाजूला, असा हिशेब शहरातून आलेल्या माणसाने मांडणे सोपे नसते. पण तेही मान्य करत होते की आग झाडाखाली राहत नाही. वारा आला की ती उतारावर पळते, कोवळी रोपे जळतात, आणि मोहाचे नवे झाड उभे राहत नाही. त्यांच्या पाड्यावर वेचले जाणारे सगळे मोह त्यांच्या आजोबांच्या वेळचेच आहेत, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले.

पुढच्या वर्षी त्या घराने झाडाभोवतीचा पाला झाडून एका जागी गोळा केला आणि फक्त तो ढीग जाळला. दोन झाडांखाली जुन्या साड्या शिवून झोळीसारख्या बांधल्या. फुले मातीत पडली नाहीत, स्वच्छ निघाली आणि वाळवायला सोपी गेली. पण एका घराकडे वेचायला दहा-बारा झाडे असतात, तेवढ्या साड्या कुठून आणणार? झाडून काढायला दोन दिवसांची मजुरीही जाते. आणि त्याच एप्रिलमध्ये पलीकडच्या डोंगरावरून आलेली आग त्यांच्या उतारावर पोहोचलीच. मुलीच्या वहीत तीही नोंद आहे, तारखेसह. कोणी लावली ते लिहिलेले नाही. आम्ही वहीत माणसांची नावे लिहीत नाही.

आता पिंगळ्याकडे येतो. आधी रानपिंगळ्याची हकिकत सांगायला हवी, कारण ती आमच्या दारातलीच आहे.

हा पक्षी शास्त्राला माहीत झाला तो १८७२ मध्ये ब्लूइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला मध्य भारताच्या पूर्व भागात मिळालेल्या नमुन्यावरून. १८८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे आणखी नमुने जमवले. १८८४ नंतर तो दिसल्याची खरी नोंद नाही. मात्र एक खोटी नोंद होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हे त्या काळातले मोठे नाव. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्यावरच्या चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, गुजरात, १९१४. लोकांनी विश्वास ठेवला आणि शोधणारे त्या बाजूला शोधत राहिले. पुढे अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसनच्या खानदेशातल्या नमुन्यांपैकीच एक होता. चोरलेला, पुन्हा भरलेला, आणि नवी चिठ्ठी लावलेला. मग ती नोंद बाजूला सारून त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी गेल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, पानगळ झालेल्या झाडावर दिवसाउजेडी तो पक्षी बसलेला सापडला. ११३ वर्षांनी.

शहादा म्हणजे आमच्या मुलांचे बाजाराचे आणि दवाखान्याचे गाव. एका खोट्या चिठ्ठीपायी जग दुसरीकडे पाहत होते, आणि पक्षी इथल्या माणसांच्या डोक्यावरून उडत होता. त्यानंतर तो मेळघाटात, तानसा अभयारण्यात आणि आणखी काही ठिकाणी आढळला. पूर्वी ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत असलेला हा पक्षी २०१८ पासून ‘संकटग्रस्त’ मानला जातो.

ही हकिकत मी मुलांना दर वर्षी सांगतो. त्या वर्षीही सांगितली होती, आणि मनातून मला फार वाटत होते की आमच्यापैकी कोणाला तरी तो दिसावा. पाचवीतल्या एका मुलाची वही आली. त्यात चित्र होते : घराजवळच्या चिंचेच्या ढोलीच्या तोंडाशी, भर दुपारी, एक छोटे घुबड. दुपारी बसलेले घुबड एवढेच मी पाहिले. पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो हे मला माहीत होते, पण त्या क्षणी मला ते आठवायचे नव्हते. मुलाने डोक्यावर पुष्कळ बारीक ठिपके काढले होते. मी त्याला म्हणालो, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके नसतात, तुझे चुकले, खोड. त्याने खोडरबराने खोडले. मी वर लाल शाईने नाव लिहिले आणि तुम्हांला लेख पाठवला.

गेल्या उन्हाळ्यात पक्ष्यांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. त्यांनी वही उजेडाकडे तिरकी धरली आणि विचारले, इथे काय खोडले आहे? मुलगा आता आठवीत आहे. तो म्हणाला, “ठिपके होते. सर म्हणाले म्हणून खोडले.” मी तिथेच उभा होतो.

त्यामुळे आता दोघांतला फरक नीट लिहितो. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके भरपूर असतात. तो गावाजवळ, जुन्या आंब्या-चिंचेच्या ढोलीत राहतो आणि संध्याकाळी कर्कश कलकलाट करतो. रानपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ कोरी, छातीवर गडद करडा-तपकिरी रंग, खालचे पोट स्वच्छ पांढरे, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तो रानात राहतो आणि पुष्कळदा दिवसा शिकार करतो. चिंच, घर, ठिपके. त्या मुलाने तिन्ही खुणा बरोबर लिहिल्या होत्या.

मी वर्गापुढे त्याची क्षमा मागितली. मग आम्ही मिळून वहीचा नियम बदलला : खोडरबर बंद. चुकले वाटले तर एक आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. शिक्षकाचे मत वेगळे असेल तर त्याने ते खाली, आपल्या नावाने आणि तारखेने लिहायचे, मुलाच्या नोंदीला हात लावायचा नाही. प्रत्येक नोंदीपुढे ‘खात्री आहे’ किंवा ‘खात्री नाही’ लिहायचे. आमच्या वह्यांत आता ‘खात्री नाही’ जास्त आहेत. मला ते बरे वाटते. दुर्बीण पाठवणाऱ्या शब्बाथ शाळेला मी खरे काय ते कळवले आणि दुर्बीण परत पाठवू का असेही विचारले. त्यांचे उत्तर आले की साधा पिंगळा पाहायलाही दुर्बीण लागते.

या नोंदींचे पुढे काय होते असे तुमच्यापैकी काहींनी विचारले आहे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांकडून माहिती घेऊन नोंदवही करायला हवी. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोह, चारोळी, तेंदू अशा गौण वनोपजावर रानात राहणाऱ्यांची मालकी आणि सामूहिक वन सांभाळण्याचा ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे. ग्रामसभा आपल्या रानाचा आराखडा करते तेव्हा आपल्या रानात काय आहे, केव्हा फुलते, किती उरले आहे हे तिला सांगावे लागते. मुलांच्या वह्यांतली माहिती आम्ही ग्रामसभेला विचारूनच पुढे देतो. औषधी मुळ्या कुठे उगवतात आणि घुबडांच्या ढोल्या कोणत्या झाडात आहेत हे मात्र कोणालाच देत नाही. मुळ्या खणून नेणारे आहेत, आणि जादूटोण्यापायी घुबडे पकडणारेही आहेत. म्हणून या लेखातही पाड्यांची नावे नाहीत.

तुम्ही पुणे, मुंबई, नगर, नाशिक कुठेही असा, चर्चच्या आवारात एखादा करंज, कडुनिंब नाहीतर पांगारा असेलच. करंजाला मार्चमध्ये कोवळी पोपटी पालवी येते आणि तिच्यामागोमाग फुलांचा सडा पडू लागतो. उपासनेनंतर पाच मिनिटे थांबा. शब्बाथ शाळेतल्या एका मुलाच्या हातात वही द्या, आणि तारीख, वेळ, पाने, फुले, फळे एवढेच लिहू द्या. तांबटाचा टुक् टुक् टुक् आवाज आला तर तोही. दर रविवारी तेच झाड. वर्षभराने ती वही आम्हांला पाठवलीत तर मुले आपल्या वह्यांशेजारी ठेवून पाहतील. शहरातला कडुनिंब केव्हा फुलतो याची त्यांना मोठी उत्सुकता आहे.

यंदाच्या वह्या सुट्टीआधी वाटल्या, आणि झावळ्यांच्या रविवारपर्यंत बहुतेक परत येतील. एक मुलगा वाट न पाहता आधीच लिहू लागला. तोच, चिंचेवाला. त्याची पहिली नोंद : २ मार्च, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे, तीच चिंच, पिंगळे दोन, एकाच्या चोचीत सरडा. डोक्यावर ठिपके. खात्री आहे.